डेटाबेस सर्व्हरवर परका कोड : पॅचच्या पलीकडचा प्रश्न

मार्च-एप्रिल २०१९ मध्ये पोस्टग्रेएसक्यूएलवरून एक विचित्र वाद झाला. सीव्हीई-२०१९-९१९३ या क्रमांकाखाली एक त्रुटी जाहीर झाली : सुपरयूजर म्हणून आत आलेल्याला 'कॉपी फ्रॉम प्रोग्रॅम' ही आज्ञा देऊन सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर हवी ती कमांड चालवता येते. पोस्टग्रेच्या मंडळींनी उत्तर दिलं की ही त्रुटी नाहीच. ही सोय २०१३ साली ९.३ या आवृत्तीत आम्हीच दिली, मॅन्युअलमध्ये तिचं वर्णन आहे, आणि सर्व्हर ज्या खात्याखाली चालतो त्या खात्याइतकी ताकद सुपरयूजरला असणार हे गृहीतच आहे. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण डिसेंबर २०२० मध्ये पालो आल्टो नेटवर्क्सच्या युनिट ४२ या गटाने 'पीजीमायनर' नावाच्या बॉटनेटचा तपशील प्रसिद्ध केला, तेव्हा त्याचा सगळा धंदा याच सोयीवर चाललेला दिसला. इंटरनेटवर उघडे पोस्टग्रे शोधायचे, 'पोस्टग्रेस' या खात्याला एकामागून एक पासवर्ड लावून पाहायचे, आणि आत शिरता आलं की 'फ्रॉम प्रोग्रॅम'ने क्रिप्टो-मायनर उतरवून घ्यायचा. सर्व्हरने आपलं काम चोख केलं होतं. इथे पॅच मारणार कशाला?

आपल्याकडे डेटाबेसच्या सुरक्षेची चर्चा 'अपडेट केलंय ना?' इथे सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. अपडेट हवंच. पण गेल्या पंचवीस वर्षांतली प्रकरणं ओळीने मांडली की दिसतं, परका कोड चालवण्याचे कितीतरी रस्ते डेटाबेस सर्व्हरने स्वतःच बांधून ठेवलेले असतात. मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'एक्सपी-सीएमडीशेल' आहे, एजंटचे जॉब आहेत, डॉटनेटचा कोड आत चालवणारं सीएलआर आहे. ओरॅकलच्या पोटातच जावा आहे, शिवाय बाहेरच्या लायब्ररी बोलावणारा 'एक्स्टप्रॉक' आणि शेड्यूलर. मायएसक्यूएलमध्ये सी भाषेतलं फंक्शन लायब्ररीच्या फाइलमधून जोडता येतं. रेडिस लुआ चालवतो. यातलं काहीही घातपातासाठी बनलेलं नव्हतं. हे डेटाबेस घडले तेव्हा सर्व्हर आतल्या खोलीत असायचा, त्याच्यापर्यंत पोचणारी माणसं मोजकी असायची, आणि रात्रीचा बॅकअप, फाइलींची आवक-जावक, ईमेल ही कामं डेटाबेसमधूनच उरकली तर डीबीएला बरं पडायचं. पुढे नेटवर्क इंटरनेटला जोडलं गेलं आणि सोयी तशाच राहिल्या. म्हणून प्रोग्रॅम चुकला म्हणून चाललेला कोड आणि प्रोग्रॅम बरोबर वागला म्हणून चाललेला कोड, हे दोन प्रकार वेगळे धरायला हवेत. पहिल्याला पॅच आहे. दुसऱ्याला नाही, आणि माझ्या मते संरक्षणाची खरी मेहनत तिथेच आहे.

पहिल्या प्रकाराचं सर्वात निखळ उदाहरण अजूनही स्लॅमर. २५ जानेवारी २००३, शनिवार. भारतात सकाळचे अकरा वाजत होते. एसक्यूएल सर्व्हर २००० मध्ये एकाच यंत्रावर अनेक इन्स्टन्स चालवता येत, आणि कोणती इन्स्टन्स कोणत्या पोर्टवर आहे हे विचारणाऱ्याला सांगण्यासाठी यूडीपी १४३४ वर एक छोटी सेवा कान देऊन बसलेली असे. आलेल्या पॅकेटचा पहिला बाइट ४ असला तर पुढचा मजकूर ती रजिस्ट्रीतल्या एका नावाला जोडायची. तो मजकूर किती लांब आहे हे न मोजता स्टॅकवरच्या ठरावीक जागेत ओतायची. मजकूर लांबलचक असला की शेजारी ठेवलेला परतीचा पत्ता पुसला जायचा आणि त्या जागी पाठवणाऱ्याने दिलेला पत्ता बसायचा. डेव्हिड लिचफील्ड या ब्रिटिश संशोधकाने ही चूक शोधली होती आणि मायक्रोसॉफ्टने जुलै २००२ मध्ये एमएस०२-०३९ हा पॅचही काढला होता. सहा महिन्यांनी कुणीतरी त्याच चुकीवर ३७६ बाइटांचा वर्म सोडला. एका पॅकेटात सगळा मावला. ना पासवर्ड लागला, ना डिस्कवर फाइल. सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांना बाधित यंत्रं दुप्पट होत होती. दहा मिनिटांत जगातल्या बहुतेक सगळ्या कच्च्या यंत्रांपर्यंत तो पोचला होता. नंतरच्या अभ्यासात किमान ७५,००० यंत्रं धरली गेली. दक्षिण कोरियात इंटरनेट जवळजवळ ठप्प झालं, बँक ऑफ अमेरिकाची हजारो एटीएम काही काळ पैसे देईनाशी झाली.

पॅच सहा महिने आधी आलेला असताना एवढी यंत्रं उघडी राहिली कशी? एक तर तो पॅच फाइली हाताने बदलून बसवावा लागे. दुसरं म्हणजे, अनेकांना आपल्याकडे एसक्यूएल सर्व्हर आहे हेच ठाऊक नव्हतं. एमएसडीई नावाची त्याची छोटी आवृत्ती इतर सॉफ्टवेअरच्या पोटातून आलेली होती. आणि मग ओहायोतल्या डेव्हिस-बेसी अणुप्रकल्पाची गोष्ट. तिथे फायरवॉल होती आणि ती १४३४ अडवत होती. पण एका कंत्राटदाराच्या नेटवर्कमधून आलेली टी-१ लाइन फायरवॉलला वळसा घालून आत जोडलेली होती. वर्म त्या वाटेने आला आणि सुरक्षेची मापकं दाखवणारी यंत्रणा जवळपास पाच तास बंद राहिली. अणुभट्टी त्या काळात बंदच होती म्हणून निभावलं. आज 'आमचा डेटाबेस आतल्या नेटवर्कमध्ये आहे, त्याला काय होतंय' असं कुणी म्हणालं की मला ती टी-१ लाइन आठवते. तिची आजची रूपं म्हणजे व्हेंडरला दिलेला रिमोट अ‍ॅक्सेस, शाखेचं व्हीपीएन, चाचणीपुरतं म्हणून उघडलेलं आणि मग विसरलेलं पोर्ट.

दुसऱ्या प्रकाराची सुरुवात स्लॅमरच्याही आधीची. मे २००२ मध्ये स्पायडा नावाचा वर्म एसक्यूएल सर्व्हरवरच फिरला होता. त्याला कुठलीच त्रुटी लागली नाही : 'एसए' खात्याला पासवर्डच नसलेले सर्व्हर शोधायचे आणि एक्सपी-सीएमडीशेलने कामाला लागायचं. जानेवारी २००५ मध्ये विंडोजवरच्या मायएसक्यूएलची तीच गत झाली. कमकुवत रूट पासवर्ड आणि मग फंक्शन म्हणून जोडलेली डीएलएल. मायक्रोसॉफ्टने एसक्यूएल सर्व्हर २००५ पासून एक्सपी-सीएमडीशेल मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली हे चांगलं झालं. मात्र ज्याच्याकडे सिसअ‍ॅडमिन आहे त्याला ते दोन ओळींत पुन्हा चालू करता येतं. ऑडिटच्या कागदावर 'एक्सपी-सीएमडीशेल बंद' अशी खूण करून समाधान मानलं जातं, आणि अ‍ॅप्लिकेशन 'एसए' म्हणून जोडलेलं आहे का हे कुणी विचारत नाही. दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे.

कारण हल्लेखोर डेटाबेसपर्यंत बहुतेक वेळा अ‍ॅप्लिकेशनच्या पाठीवर बसून येतो. एसक्यूएल इंजेक्शनची जाहीर मांडणी डिसेंबर १९९८ मध्ये 'फ्रॅक' या हॅकरांच्या नियतकालिकाच्या ५४ व्या अंकात झाली. उपायही तेव्हापासूनचा : मूल्यं क्वेरीच्या मजकुरात न मिसळता वेगळी पाठवायची. पंचवीस वर्षांनी, मे २०२३ मध्ये, मूव्हइट या फाइल-देवाणघेवाणीच्या सॉफ्टवेअरमध्ये तोच प्रकार निघाला आणि क्लॉप टोळीने जगभरच्या हजारो संस्थांच्या फाइली नेल्या. इंजेक्शन ही अ‍ॅप्लिकेशनची चूक खरी, पण तिची किंमत डेटाबेसचं खातं ठरवतं. खात्याला चार टेबलांवर वाचा-लिहायची मुभा असेल तर चार टेबलं जातील. खातं सुपरयूजर असेल तर यंत्रच जाईल.

रेडिसचं एक प्रकरण जवळून पाहण्यासारखं आहे, कारण तिथे कमांड चालवायची सोयही लागत नाही. रेडिस आपला डेटा मेमरीत ठेवतो आणि अधूनमधून डिस्कवरच्या एका फाइलमध्ये उतरवतो. ती फाइल कोणत्या फोल्डरमध्ये आणि कोणत्या नावाने असावी हे चालू सर्व्हरवर 'कॉन्फिग सेट' या आज्ञेने बदलता येत असे. नोव्हेंबर २०१५ मध्ये रेडिसचा कर्ता साल्वातोरे सान्फिलिप्पो याने याचं काय होऊ शकतं ते स्वतःच करून दाखवलं. फोल्डर म्हणून सर्व्हरवरच्या खात्याचं एसएसएच फोल्डर द्यायचं, फाइलचं नाव 'ऑथोराइज्ड कीज', आपली सार्वजनिक किल्ली मागेपुढे कोऱ्या ओळी घालून एक साधं मूल्य म्हणून साठवायची, आणि 'सेव्ह' म्हणायचं. तयार झालेली फाइल बायनरी कचऱ्याने भरलेली असते, पण एसएसएच ती ओळीओळीने वाचतं आणि न कळणाऱ्या ओळी सोडून देतं. कचऱ्यामधली एक ओळ धड असते, ती पुरते. पुढच्या क्षणी हल्लेखोर सरळ एसएसएचने लॉगिन करतो. रेडिसने फक्त डेटा साठवला, एसएसएचने फक्त किल्ली ओळखली. मे २०१६ च्या ३.२ आवृत्तीत 'प्रोटेक्टेड मोड' आला : पासवर्ड ठेवलेला नाही आणि कुठल्या पत्त्यावर ऐकायचं तेही सांगितलेलं नाही, तर फक्त त्याच यंत्रावरच्यांशी बोलायचं. फाइलचं नाव आणि फोल्डर चालू सर्व्हरवर बदलणं २०२२ च्या सातव्या आवृत्तीपासून मुळातच बंद झालं. म्हणजे प्रात्यक्षिकानंतर सहा-सात वर्षांनी. मधल्या काळात किती यंत्रांवर मायनर चढले याची कल्पना न केलेलीच बरी.

मायएसक्यूएललाही फाइल लिहिण्यानेच गोत्यात आणलं होतं. सप्टेंबर २०१६ मध्ये दाविद गोलुन्स्की याने सीव्हीई-२०१६-६६६२ जाहीर केली. लॉगची फाइल कोणती हे सर्व्हरला सांगता येतं. ती म्हणून त्याचीच कॉन्फिगरेशन फाइल द्यायची आणि मग लॉगमध्ये हव्या त्या ओळी उमटतील अशी क्वेरी चालवायची. त्या ओळींत 'ही लायब्ररी आधी चढव' अशी सूचना लिहिलेली. सर्व्हर सुरू करणारी 'मायएसक्यूएलडी-सेफ' ही स्क्रिप्ट रूट म्हणून चालायची, त्यामुळे पुढच्या रीस्टार्टला ती लायब्ररीही रूट म्हणून चढायची. कॉन्फिगरेशनच्या फाइलची मालकी मायएसक्यूएलच्या खात्याकडे ठेवू नये हा साधा नियम तिथे मोडला होता की सगळं जुळून यायचं. आजही कुठल्याही सर्व्हरवर पहिल्यांदा पाहण्यासारखी गोष्ट हीच : डेटाबेसच्या खात्याला आपल्या डेटाच्या फोल्डरबाहेर कुठे कुठे लिहिता येतं?

काही डेटाबेस परका कोड चालवू देतात, पण त्याला कुंपण घालून. या कुंपणांचा इतिहास फारसा उत्साहवर्धक नाही. इलॅस्टिकसर्चने शोधाच्या विनंतीतच स्क्रिप्ट पाठवायची मुभा दिली होती, आणि तीही मुळातच चालू. २०१४ मध्ये त्यातून सीव्हीई-२०१४-३१२० निघाली. मग ग्रूव्ही ही भाषा सँडबॉक्ससह आली, २०१५ च्या सुरुवातीला तो सँडबॉक्स फुटला. शेवटी पाचव्या आवृत्तीत त्यांनी 'पेनलेस' नावाची स्वतःची भाषाच घडवली. रेडिसमधल्या लुआची कथा जास्त बोधप्रद. मूळ रेडिसमध्ये लुआचं धोकादायक पॅकेज काढलेलं होतं, पण डेबियनने आपल्या पद्धतीने सिस्टिमची लुआ जोडली आणि ते पॅकेज सँडबॉक्समध्ये तसंच राहून गेलं. २०२२ ची सीव्हीई-२०२२-०५४३ ही त्यामुळे फक्त डेबियन आणि उबुंटूवाल्यांच्या नशिबी आली, आणि मुह्स्टिक बॉटनेटने ती लगेच उचलली. 'आम्ही अधिकृत पॅकेजच वापरतो' असं सांगणाऱ्यांसाठी हे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं. नंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये 'रेडिशेल' आली, सीव्हीई-२०२५-४९८४४. विझ या कंपनीच्या संशोधकांनी लुआच्या मेमरी-सफाईतली एक चूक दाखवली, जी तेरा वर्षांपासून कोडमध्ये होती. म्हणजे रेडिसमध्ये लुआ आल्यापासूनच. गांभीर्याच्या मोजमापात तिला दहापैकी दहा गुण मिळाले. पोस्टग्रेमध्ये नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएल-पर्लची चूक निघाली (सीव्हीई-२०२४-१०९७९) : साध्या वापरकर्त्याला सर्व्हरच्या प्रोसेसचे 'पाथ'सारखे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बदलता येत होते, आणि एवढ्यावरून अनेकदा कोड चालवण्यापर्यंत मजल जाते. ज्या प्रोसेसमध्ये डेटा आहे त्याच प्रोसेसमध्ये परक्याचा कोड चालवून त्याला भाषेच्या कुंपणात ठेवायचं, हा सौदाच महागडा आहे. वापरत नसाल तर भाषा काढून टाका. रेडिसमध्ये लुआ लागत नसेल तर एसीएलने 'इव्हॅल'च्या आज्ञा बंद करता येतात. पोस्टग्रेमध्ये न लागणारी पीएल-पर्ल ठेवण्याचं काहीही कारण नाही.

सर्व्हरभोवतीच्या हत्यारांकडे मात्र कुणाचंच लक्ष नसतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये रॅपिड७ च्या संशोधनातून सीव्हीई-२०२५-१०९४ बाहेर आली. पोस्टग्रेची लायब्ररी परक्या मजकुरातली अवतरणचिन्हं निष्प्रभ करून देते. पण मजकुरात मोडका यूटीएफ-८ बाइट असला तर एक अवतरणचिन्ह निसटायचं. असा मजकूर 'पीएसक्यूएल' या कमांडलाइन हत्याराला दिला की इंजेक्शन व्हायचं, आणि पीएसक्यूएलमध्ये उलटा तिरपा दंड व उद्गारचिन्ह लिहिलं की सरळ शेल कमांड चालते. बियॉन्डट्रस्टच्या रिमोट सपोर्टमधल्या ज्या त्रुटीची चर्चा अमेरिकी ट्रेझरीवरच्या हल्ल्याच्या संदर्भात झाली, ती वापरून कोड चालवायला रॅपिड७ च्या प्रत्येक चाचणीत पोस्टग्रेची ही त्रुटीही लागली. ऑगस्ट २०२५ मध्ये बॅकअपची पाळी आली. सीव्हीई-२०२५-८७१४ नुसार मूळ सर्व्हरवरचा दुष्ट सुपरयूजर डंपमध्ये अशा ओळी पेरू शकत होता, की तो डंप पीएसक्यूएलने परत चढवताना चढवणाऱ्याच्या यंत्रावर कोड चालायचा. ग्राहकाचा डंप आपल्या लॅपटॉपवर चढवून बग शोधणारे सपोर्ट इंजिनिअर पुण्या-मुंबईतल्या सॉफ्टवेअर कंपन्यांत पदोपदी भेटतील. त्यांनी आपल्या लॅपटॉपवरच्या पीएसक्यूएलची आवृत्ती शेवटची कधी पाहिली होती?

बचावाच्या उपायांचा क्रम मी असा लावेन. सगळ्यात आधी, डेटाबेसचं पोर्ट इंटरनेटवरून दिसू नये. हे इतकं जुनं सांगणं आहे की लिहायला संकोच वाटतो, पण स्पायडा, स्लॅमर, रेडिस, पीजीमायनर या सगळ्यांना एवढ्यानेच बाहेर थोपवता आलं असतं. पोस्टग्रे मुळात फक्त त्याच यंत्रावर ऐकतो. ते बदलून सगळ्या पत्त्यांवर ऐकायला लावणारे आपणच असतो. एक खाचखळगा आवर्जून सांगायला हवा : लिनक्सवर डॉकरने कंटेनरचं पोर्ट बाहेर काढलं की तो आयपीटेबल्समध्ये आपले नियम थेट घालतो, आणि यूएफडब्ल्यूने ते पोर्ट बंद दिसत असलं तरी बाहेरून उघडं असतं. फायरवॉलची यादी वाचून विश्वास ठेवू नये, बाहेरच्या यंत्रावरून पोर्ट तपासून पाहावं.

त्यानंतर खाती. अ‍ॅप्लिकेशनला टेबलांची मालकी नको. स्कीमा बदलायला वेगळं खातं, रोजच्या कामाला वेगळं. मायएसक्यूएलमध्ये 'फाइल' हा अधिकार कुणाकडे आहे ते पाहावं, 'सिक्युअर-फाइल-प्रिव्ह' कोऱ्या मूल्यावर सोडू नये, प्लगइनच्या फोल्डरमध्ये डेटाबेसच्या खात्याला लिहिता येऊ नये. पोस्टग्रेमध्ये ११ व्या आवृत्तीपासून प्रोग्रॅम चालवण्याचा अधिकार वेगळ्या रोलने देता येतो, त्यामुळे तेवढ्यासाठी कुणाला सुपरयूजर करायची गरज उरलेली नाही. सुपरयूजरला मात्र कशानेही अडवता येत नाही. 'फ्रॉम प्रोग्रॅम' अडवलं तर त्याच्याकडे 'अर्काइव्ह कमांड' बदलायचा मार्ग आहे, ते बंद केलं तर लायब्ररी चढवायचा. सुपरयूजरच्या एकेका वाटेवर दगड टाकत बसण्यापेक्षा सुपरयूजर नेटवर्कवरून लॉगिनच करू शकणार नाही अशी 'पीजी-एचबीए'ची ओळ लिहावी, आणि त्या फाइलमध्ये 'ट्रस्ट' हा शब्द उरलेला नाही याची खात्री करावी.

यानंतर हल्लेखोर आत आलाच आहे असं धरून चालायचं. पोस्टग्रे रूट म्हणून सुरूच व्हायला नकार देतो, ही जुनी आणि शहाणी सवय. सिस्टमडीमध्ये 'प्रोटेक्ट-सिस्टम', 'नो-न्यू-प्रिव्हिलेजेस' अशा चार-पाच ओळींनी सेवेला यंत्राचा बराचसा भाग फक्त वाचण्यापुरता ठेवता येतो. रेडहॅटच्या कुळात एसईलिनक्स आणि उबुंटूवर मायएसक्यूएलचं अ‍ॅपआर्मर प्रोफाइल तयार मिळतं. पण डेटाचं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर हलवल्यावर सर्व्हर सुरू झाला नाही की पहिला उपाय म्हणून एसईलिनक्सच बंद होतं. योग्य लेबल लावण्याचं पाच मिनिटांचं काम कुणी करत नाही. विंडोजवर एसक्यूएल सर्व्हर स्वतंत्र व्हर्च्युअल खात्याखाली चालतो, ते लोकल सिस्टमपेक्षा नक्कीच बरं. तरी सेवांच्या खात्यांना दुसऱ्याचं रूप घेण्याचा जो अधिकार असतो त्यावर 'पोटॅटो' नावाच्या हत्यारांची मोठी वंशावळ उभी आहे, आणि तिच्या जोरावर 'सिस्टम' या सर्वाधिकारी खात्यापर्यंत चढता येतं. त्यामुळे एक्सपी-सीएमडीशेल चाललं म्हणजे यंत्र गेलं, असंच धरावं.

मला सर्वात स्वस्त आणि सर्वात दुर्लक्षित वाटणारा उपाय म्हणजे बाहेर जाणारी वाट बंद करणं. डेटाबेस सर्व्हरने स्वतःहून इंटरनेटवर कुठे जायचं कारण नसतं. पॅकेजच्या मिररला, बॅकअपच्या जागेला आणि वेळ दाखवणाऱ्या सर्व्हरला परवानगी दिली की झालं. सरसकट चालणाऱ्या हल्ल्यांना पुढचा माल बाहेरून उतरवून घ्यावा लागतो. 'आम्ही कर्ल काढून टाकलंय' एवढ्यावर थांबू नये. पीजीमायनर कर्ल नसेल तर तो बसवून घ्यायचे वेगवेगळे मार्ग वापरून पाहायचा. अडवायचं ते नेटवर्कवर.

नजर ठेवण्याच्या बाबतीत डेटाबेस सर्व्हर हे सोपं गिऱ्हाईक आहे. वेब सर्व्हरवर शंभर प्रोसेस येत-जात असतात. डेटाबेसची प्रोसेस सहसा शेल जन्माला घालत नाही. 'पोस्टग्रेसच्या पोटी शेल, शेलच्या पोटी कर्ल' अशी साखळी दिसली की घंटा वाजली पाहिजे. ऑडिटडी किंवा फाल्कोमध्ये हा नियम काही ओळींचा. फक्त 'अर्काइव्ह कमांड' शेलमार्फतच चालते, तिला अपवाद करावा लागतो, आणि अपवाद त्या नेमक्या कमांडपुरताच हवा.

पॅच इतक्या खाली ठेवला म्हणून कुणी रागावेल. पण वरचं सगळं जागेवर असेल तर पॅचला काही दिवस उशीर झालेला परवडतो. नसेल तर वेळेवर मारलेला पॅचही पुरत नाही. वेळापत्रक अवघड नाही. ओरॅकलचे पॅच २००५ पासून दर तिमाहीला येतात, पोस्टग्रेचे फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरमधल्या दुसऱ्या गुरुवारी. पोस्टग्रेच्या छोट्या आवृत्तीसाठी डंप-रिस्टोअर लागत नाही, प्रोग्रॅम बदलून रीस्टार्ट एवढंच. तरी ते टाळलं जातं, कारण 'ईआरपीच्या व्हेंडरने हीच आवृत्ती सांगितलीय'. त्याच कारणाने ऑक्टोबर २०२३ मध्ये आधार संपलेला मायएसक्यूएल ५.७ आणि जुलै २०२४ मध्ये संपलेला एसक्यूएल सर्व्हर २०१४ अनेक ठिकाणी निवांत चालू आहेत. अशा सर्व्हरला हलवता येत नसेल तर निदान त्याला वेगळ्या नेटवर्कमध्ये ठेवावं, आणि त्याच्याशी बोलणारी यंत्रं नावानिशी मोजावीत.

क्लाउडवरच्या डेटाबेसने यातला बराच भार उचलला आहे. तिथे खरा सुपरयूजर ग्राहकाला मिळतच नाही, ऑपरेटिंग सिस्टिमही दिसत नाही. पण हा जवळपास-सुपरयूजर घडवताना क्लाउडवाल्यांनी पोस्टग्रेमध्ये स्वतःचे बदल केले, आणि ते बदलच कच्चे निघाले. २०२२ मध्ये विझने अझ्युअर आणि गूगल क्लाउड या दोन्हीकडे त्या वाटेने कोड चालवून दाखवला. अझ्युअरवरच्या 'एक्स्ट्रारेप्लिका' प्रकरणात तर दुसऱ्या ग्राहकांच्या डेटाबेसपर्यंत पोचता येत होतं. दोन्ही दुरुस्त झालं. लहान संस्थेला, पतसंस्थेला किंवा इस्पितळाला मी तरीही क्लाउडच सुचवेन, कारण त्यांच्याकडे रात्री जागणारा डीबीए नसतो.

सर्व्हरमध्ये घुसखोरी झाली तर काय करायचं, याला भारतात कायद्याने आता मुदती लावल्या आहेत. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार अशी घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा, २०२३ मध्ये पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. लॉग त्याच सर्व्हरवर ठेवले तर आत शिरलेला माणूस ते पुसणारच, म्हणून ते घडतील तसे दुसऱ्या यंत्रावर जायला हवेत.

आणि यंत्र एकदा गेलं की ते साफ करत बसू नये, नव्याने उभारावं. त्यातही एक फट राहते. ऑगस्ट २०२४ मध्ये अ‍ॅक्वा सिक्युरिटीने 'पीजी-मेम' या मालवेअरचं वर्णन दिलं. ते पासवर्ड ओळखून आत शिरल्यावर स्वतःसाठी नवा सुपरयूजर रोल तयार करतं आणि ज्या खात्याने आत आलं त्याचा अधिकार काढून घेतं, म्हणजे दुसरा चोर त्याच वाटेने येऊ नये. असा रोल, एखादं फंक्शन, एखादा ट्रिगर हे सगळं डेटाबेसच्या आत राहतं, आणि घटनेनंतर घेतलेल्या पूर्ण बॅकअपमधून नव्या यंत्रावर जसंच्या तसं परत येतं. त्यामुळे फक्त टेबलांतला डेटा आणावा. रोल, फंक्शन, ट्रिगर, एक्स्टेन्शन आणि जॉब सोर्स कंट्रोलमधल्या प्रतीवरून पुन्हा तयार करावेत. ती प्रत नसेल तर घटनेच्या आधीचा एखादा बॅकअप वेगळ्या, नेटवर्कपासून तोडलेल्या यंत्रावर चढवून दोन्ही याद्या समोरासमोर ठेवून ताडाव्या लागतात. आणि हल्लेखोर नेमका कधी शिरला हे लॉगमधून कळल्याशिवाय 'आधीचा' बॅकअप कोणता, हेही ठरवता येत नाही.